बैठकीतला पेला आणि बशीतला चकणा

‘आज बसायचे का?’ या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. जालना शहर असो, अंबड, परतूर असो की भोकरदन, संध्याकाळी सातनंतर परमिट रूमच्या मंद उजेडात चार ओळखीची माणसे एका टेबलाभोवती जमतात. कोणी रोलिंग मिलमधील पाळी संपवून आलेला असतो, कोणी मोंढ्यातला हिशेब आटोपून, तर कोणी बियाण्यांच्या कंपनीतून सुटून. वेटर न सांगताच शेंगदाण्यांची आणि काकडीची बशी आणून ठेवतो. गप्पा रंगतात, दिवसभराचा शीण गेल्यासारखा वाटतो.

या बैठकीवर नैतिक प्रवचन देण्याचा हेतू येथे नाही. मद्य न घेणे हाच आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत उत्तम सल्ला, हे प्रारंभीच स्पष्ट करतो. जो घेत नाही त्याने ‘थोडी घेतलेली चांगली असते’ असे ऐकून सुरुवात करू नये. परंतु जे घेतात त्यांची संख्या कमी नाही, आणि पेल्यातून व बशीतून आपल्या पोटात नेमके काय जाते, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. या अज्ञानापायी कधी कधी एखाद्याचा जीवही जातो. म्हणून या आठवड्यात थोडे या विषयावर.

किती घेतली?

‘मी फक्त बिअर घेतो’, ‘मी दोनच पेग घेतो’, ‘मी वाइन घेतो, ती दारू नव्हेच’, अशी उत्तरे डॉक्टरांना नेहमी ऐकायला मिळतात. शरीराला मात्र बाटलीवरचे नाव कळत नाही. त्याला फक्त मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल, किती ग्रॅम आला एवढेच कळते.

हा हिशेब सोपा आहे. व्हिस्की, रम किंवा ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. छोटा पेग ३० मिलिलिटरचा. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे एका छोट्या पेगात साधारण १० ग्रॅम मद्यार्क येतो. हे दहा ग्रॅमचे माप लक्षात ठेवावे आणि बाकी सर्व त्याच मापाने मोजावे.

१८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे असे सहा छोटे पेग, म्हणजेच सुमारे ६० ग्रॅम. आता बिअर पाहू. ६५० मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या बाटलीत पाच टक्के मद्यार्क धरला तर सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे अडीच पेग भरतात. हीच बाटली स्ट्राँग असेल आणि तिच्यावर आठ टक्के लिहिलेले असेल, तर ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. ‘दोन स्ट्राँगच घेतल्या’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात क्वार्टरपेक्षा जास्त घेतलेली असते. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. दीडशे मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे दीड पेग, आणि ७५० मिलिलिटरची अख्खी बाटली म्हणजे सातांहून जास्त पेग. वाइनची एक बाटली एकट्याने संपवणारा मनुष्य क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो. फक्त पेला नाजूक असतो.

आता हा मद्यार्क बाहेर कसा पडतो ते पाहू. त्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग यकृत, म्हणजे लिव्हर, जाळते. उरलेला थोडासा श्वासातून, लघवीतून आणि घामातून जातो. यकृताची गती ठरलेली असते : तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम, म्हणजे फार तर एक छोटा पेग. ती गती लिंबूपाण्याने वाढत नाही, कडक कॉफीने वाढत नाही आणि डोक्यावर थंड पाण्याची बादली ओतल्यानेही वाढत नाही. कॉफीने झोपलेला दारुडा फक्त जागा दारुडा होतो. रात्री नऊला सुरुवात करून अकरापर्यंत क्वार्टर संपवणाऱ्याचे रक्त पूर्ण मोकळे व्हायला पहाटेचे तीन ते साडेपाच वाजतात. दोन क्वार्टर झाल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ, कदाचित दुपारचे दोन. सकाळच्या पाळीला भट्टीजवळ उभे राहणाऱ्याने किंवा पहाटे ट्रक काढणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

वाइनचे गोडवे

आपल्याकडे ‘वाइन शॉप’ अशी मोठी पाटी असलेल्या दुकानात खरी वाइन एखाद्या कोपऱ्यातल्या फळीवर असते. बाकी सारी दुकानदारी व्हिस्की-रमची. तरीही गेल्या काही वर्षांत शहरांतून आणि हळूहळू आपल्याकडेही वाइन बैठकीत दिसू लागली आहे. महाराष्ट्रात या व्यवसायाची सुरुवात १९८०च्या दशकात नारायणगावला झाली. पुढे नाशिकजवळ सुला कंपनीने १९९७ साली द्राक्षबाग लावली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेसाठी खास धोरण आणले आणि नाशिक परिसर या धंद्याचे केंद्र झाला. आपल्या जिल्ह्यातही कडवंचीची द्राक्षे प्रसिद्ध आहेत. परंतु खाण्याचे बिनबियांचे द्राक्ष वेगळे आणि वाइनचे वेगळे. वाइनचे मणी लहान, जाड सालीचे व बियांचे असतात.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असेही जाहीरपणे म्हटले गेले. विरोध झाला व तो निर्णय अमलात आला नाही. राजकारण बाजूला ठेवू. वैद्यकीय दृष्टीने मात्र ते विधान टिकत नाही. द्राक्षाच्या रसातील साखर यीस्टने आंबवली की जो मद्यार्क तयार होतो, तोच उसाच्या मळीपासूनही तयार होतो. रेणू एकच.

‘हृदयाला रेड वाइन चांगली’ ही समजूत कोठून आली, तेही सांगितले पाहिजे. फ्रान्समधील लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी का, असा प्रश्न होता. सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाने १९९२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याचे श्रेय वाइनला दिले. त्याआधी, १९९१ मध्ये, अमेरिकेच्या दूरदर्शनवर हा विषय आला होता आणि तेथे रेड वाइनचा खप एकदम वाढला. वृत्तपत्रांतूनही त्या काळी यावर बरेच रकाने भरले.

पुढील संशोधनात या आनंदावर पाणी पडले. जुन्या पाहण्यांत ‘न पिणारे’ म्हणून ज्यांची गणना झाली होती, त्यांतील अनेकजण आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले होते. साहजिकच थोडी पिणारे त्यांच्या तुलनेत निरोगी दिसले. शिवाय रोज जेवणाबरोबर एक ग्लास वाइन घेणारा मनुष्य बहुधा सुखवस्तू असतो, भाजीपाला खातो, चालायला जातो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. त्याच्या तब्येतीचे श्रेय पेल्याला देणे म्हणजे बंगल्यात राहणाऱ्याच्या आयुष्याचे श्रेय बंगल्याच्या रंगाला देण्यासारखे आहे. वाइनमधील ज्या रेस्व्हेराट्रॉल द्रव्याचा एवढा गाजावाजा झाला, ते एका ग्लासात एक मिलिग्रॅमसुद्धा क्वचितच भरते. प्रयोगांत माणसांना दिलेली मात्रा त्याच्या शेकडो पट होती. (गंमत म्हणजे हेच द्रव्य शेंगदाण्यातही थोडे असते. तेव्हा त्यासाठी पेल्याकडे जायचे कारण नाही, बशी पुरे.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या ठिकाणच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने, मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे निवेदन काढले. येथे आपल्या भागासाठी एक गोष्ट जोडली पाहिजे. तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट यांच्या जोडीला दारू आली की तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता एकात एक मिळवल्यासारखा वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण बैठकीच्या टेबलावर पुडी काढणारा हात अजून थांबलेला नाही.

आधी पेला की आधी ताट?

आता चकण्याकडे वळू. मद्यार्काचा थोडा भाग जठरातून रक्तात जातो, परंतु बहुतांश, म्हणजे जवळजवळ ८० टक्के, लहान आतड्यातून शोषला जातो. जठर रिकामे असेल तर पेला थेट लहान आतड्यात उतरतो आणि अर्ध्या ते एका तासात रक्तातील प्रमाण शिखराला पोचते. जठरात अन्न असेल तर जठराचे खालचे दार बराच काळ मिटलेले राहते, मद्यार्क थोडा थोडा खाली सुटतो आणि शिखर बरेच ठेंगणे राहते. सोडा किंवा फसफसणारे पेय मिसळले तर उलट शोषण लवकर होते.

परदेशात या गोष्टीभोवती खाण्याच्या पद्धतीच तयार झाल्या आहेत. इटलीतील व्हेनिस शहरात गल्लीबोळांत ‘बाकारो’ नावाची छोटी वाइनघरे असतात. तेथे वाइनचा लहानसा पेला घेतात आणि त्याबरोबर पावाच्या तुकड्यावर मासा, अंडे, भाजी असे घासभर पदार्थ खातात. त्यांना ‘चिकेत्ती’ म्हणतात. स्पेनमधील ‘तापास’ हा तसाच प्रकार. जपानमध्ये ‘इझाकाया’ नावाच्या मद्यगृहांत टोफू, मासे, भाज्या अशा छोट्या बश्या शेवटपर्यंत येत राहतात. तेथील लोक पिऊन आजारी पडत नाहीत असे मुळीच नाही. परंतु रिकाम्या पोटी पिणे तेथे रीतीला धरून नाही.

आपली रीत नेमकी उलटी आहे. दुपारी बाराला जेवलेला मनुष्य रात्री आठला टेबलावर बसतो, म्हणजे आठ तास उपाशी. मग पेला, पुन्हा पेला आणि अकरा वाजता ‘आता जेवण सांगा’. पोटभर जेवण केले की पुढे पिणे होत नाही, म्हणून जेवण शेवटी, असे त्यामागचे कारण पट्टीचे पिणारे सांगतात. हेच तर जेवण आधी करण्याचे सर्वांत चांगले कारण आहे! घरून निघण्यापूर्वी एक भाकरी, वरण किंवा पिठले खाऊन निघावे. ते जमले नाही तर टेबलावर पहिली ऑर्डर खाण्याची असावी.

मात्र येथे एक गैरसमज दूर करतो. ‘आधी तूप प्यावे, म्हणजे चढत नाही’ असे काहीजण छातीठोकपणे सांगतात. स्निग्ध पदार्थाने जठर सावकाश रिकामे होते हे खरे. परंतु पोटात गेलेला मद्यार्क नाहीसा होत नाही. तो उशिरा पोचतो एवढेच. चढली नाही म्हणून दोन पेग जास्त घेतले तर यकृतावरचा भार वाढलेलाच असतो.

बशीत काय असावे?

बारमध्ये मिळणाऱ्या चकण्याचे दोन वर्ग करता येतील : तहान वाढवणारा आणि पोट धरणारा.

पहिल्या वर्गात खारे शेंगदाणे, शेव, चिवडा, वेफर्स, पापड, मसाला पापड येतात. यांत मिठाचे प्रमाण फार. दिवसभरात एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरच्या लोणचे-चटणीच्या जेवणातच ते बहुधा ओलांडलेले असते. त्यात पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि त्यातूनही सोडियमच येते. मीठ खाल्ले की तहान लागते, आणि समोर पाण्याऐवजी पेला असतो. बारमालक खारे दाणे फुकट का देतो, याचा विचार करावा. त्यात औदार्य कमी आणि हिशेब जास्त असतो. रक्तदाबाच्या रुग्णाला तर हे दुहेरी संकट आहे, कारण मद्यानेही रक्तदाब वाढतो.

दुसऱ्या वर्गात उकडलेली अंडी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, भाजलेले फुटाणे, उकडलेल्या शेंगा, दही घातलेली काकडीची कोशिंबीर, भाजलेले चिकन किंवा मासा, पनीर हे पदार्थ येतात. यांतील प्रथिनांमुळे पोट भरल्याची जाणीव टिकते. उकडलेली अंडी जवळपास प्रत्येक ठिकाणी मिळतात, स्वस्त असतात आणि तेलात बुडालेली नसतात. माझ्या मते परमिट रूममधील यादीतला हा सर्वांत शहाणा पदार्थ. चना कोळीवाडा लोकप्रिय आहे आणि चणा हा पदार्थ चांगलाच. पण तो तळण्यासाठी कढईतले तेल कितव्यांदा तापवले आहे हे आपल्याला दिसत नाही. काळपट, फेसाळणाऱ्या, उग्र वासाच्या तेलातले काहीही परत पाठवावे. त्यात संकोच कसला?

शेंगदाण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तो टेबलावर नेहमी असतो. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, पण जवळजवळ ५० ग्रॅम चरबी आणि साडेपाचशेहून अधिक कॅलरीही असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, दाण्यांत सुमारे १७० कॅलरी. मद्यार्कात तर ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे क्वार्टरमध्ये सुमारे ४२५, अंदाजे दोन भाकऱ्यांएवढ्या. त्यावर दाण्यांच्या दोन बश्या, मसाला पापड आणि शेवटी तर्रीदार चिकन. ‘मी जेवतो फार थोडे, तरी पोट का सुटते?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पोटाचा घेर वाढला की यकृतातही चरबी साठते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते ते हेच. या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर यकृत बहुतेक वेळा पूर्ववत होऊ शकते. पुढे ते निबर होऊ लागले, पोटात पाणी झाले, की मागे फिरणे कठीण.

आणखी एक. कुबट, काळा पडलेला, कडवट लागणारा दाणा गिळू नये, थुंकून टाकावा. ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी येते तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृतावरच घाव घालते. तिखट मसाल्याखाली ही चव झाकली जाते, म्हणून मसाला दाण्यापेक्षा साधा भाजलेला दाणा बरा.

मधुमेही रुग्णांनी हे जरूर वाचावे

या लेखात एकच परिच्छेद वाचायला वेळ असेल तर हा वाचावा. आणि घरातील बायकामंडळींनीही वाचावा, कारण प्रसंग ओढवतो तेव्हा जागे बहुधा त्याच असतात.

जेवण झाल्यानंतर काही तासांनी रक्तातील साखर कमी होऊ लागते, तेव्हा यकृत स्वतः साखर तयार करून ती पातळी सांभाळते. परंतु यकृत मद्यार्क जाळण्यात गुंतले असेल तर साखर तयार करण्याचे हे काम मंदावते. निरोगी माणसाचे सहसा निभावते. पण जो इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतो, त्याच्या रक्तातील साखर औषधाने एका बाजूने खाली ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूने यकृत हात वर करते. संध्याकाळची गोळी घेतली, बैठक झाली, जेवण राहिले किंवा दोन घास खाल्ले आणि झोपला, असा मनुष्य मध्यरात्रीनंतर, पहाटे कोणत्याही वेळी बेशुद्ध होऊ शकतो.

आणि खरा घात येथे होतो. साखर कमी झाल्याची लक्षणे कोणती? घाम येणे, हातपाय थरथरणे, बोबडे बोलणे, तोल जाणे, असंबद्ध बडबड, चिडचिड, ग्लानी. दारू चढल्याची लक्षणे कोणती? जवळपास हीच. तोंडाला वास येत असतो. मित्र म्हणतात, ‘आज जास्त झाली, झोपू द्या.’ घरचे म्हणतात, ‘रोजचेच आहे.’ आणि ज्याला दोन चमचे साखरेने वाचवता आले असते, तो सकाळी उठत नाही, किंवा उठला तरी मेंदूला कायमची इजा घेऊन उठतो.

म्हणून मधुमेह असलेला मनुष्य पिऊन आला आणि वेगळा वागू लागला, तर ती दारूच आहे असे गृहीत धरू नये. घरी ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचून साखर पाहावी. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल, आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. सुधारल्यावर भाकरी, भात असे काही खायला द्यावे, नाहीतर साखर परत उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवून १०८ क्रमांकाला फोन करावा आणि रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना ‘हे मधुमेही आहेत’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

तसेच मधुमेही माणसाने आपल्याला मधुमेह आहे हे बैठकीतल्या किमान एका मित्राला सांगून ठेवावे. आपल्याकडे आजार लपवण्याची सवय फार. टेबलावरच्या चारजणांत घरची भांडणे निघतात, जमिनीचे वाद निघतात, पण साखरेचा आजार निघत नाही.

इतर औषधांचेही भान ठेवावे लागते. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य. त्या गोळ्यांचा यकृतावर आधीच ताण असतो आणि कावीळ होऊन उपचार मध्येच थांबवावे लागतात. झोपेच्या गोळीवर दारू घेतली तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. जुलाबासाठी घेतलेल्या मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोलबरोबर ती घेऊ नये. अंगदुखीच्या गोळ्या आणि दारू मिळून जठरात रक्तस्राव घडवतात. रोज पिणाऱ्याने डोकेदुखीवर मनाने पॅरासिटॅमॉल खात राहणेही धोक्याचे आहे.

भट्टीवरून थेट बिअर

जालन्यात रोलिंग मिल आणि स्टीलच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आठ तास तापलेल्या लोखंडाशेजारी घाम गाळल्यावर थंडगार बिअरइतके काही गोड लागत नसेल, हे समजण्यासारखे आहे. परंतु बिअरने अंगातले पाणी भरून निघत नाही. मद्यार्क मेंदूतून सुटणाऱ्या एका संप्रेरकाला आवर घालतो आणि त्यामुळे लघवीवाटे पाणी अधिकच जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा कामावरून सुटलेला, घामाने कोरडा पडलेला मनुष्य उपाशी पोटी दोन स्ट्राँग घेतो आणि उठताना भोवळ येऊन पडतो. आधी ताक, मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा साधे पाणी पोटभर प्यावे, काही खावे, निदान तासभर विसावा घ्यावा. बैठकीतही प्रत्येक पेल्यामागे एक ग्लास साधे पाणी ठेवले तर पिण्याचा वेग आपोआप मंदावतो.

घरी परतताना

मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण दंडाची भीती घालण्यात अर्थ नाही. रिकाम्या पोटी घेतलेल्या दोन छोट्या पेगांनीही अनेकजण या मर्यादेजवळ पोचतात. आणि मद्याने सर्वांत आधी जाते ती विवेकशक्ती. हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच ‘मला काही झालेले नाही’ हे वाक्य पिणाऱ्याच्या तोंडून इतक्या खात्रीने निघते. बदनापूरच्या ढाब्यावरून मोटारसायकलने परतणे काय किंवा समृद्धी महामार्गावर गाडी पळवणे काय, समोरच्या अंधारात उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा अर्धा सेकंद महत्त्वाचा असतो. चारांपैकी एकाने त्या दिवशी घ्यायचीच नाही, हे बसण्यापूर्वी ठरवावे. बसल्यावर ठरत नाही.

ज्याला खूप झाली आहे त्याला पाठीवर झोपवून निघून जाऊ नये. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन गुदमरतो. कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे दुमडावा, तोंड किंचित खाली असावे आणि कोणीतरी जवळ थांबावे. हलवून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, अंग गार व ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नेहमीचे काही प्रश्न

सर्दीवर रम घ्यावी का? नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने अंग गरम वाटते, प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जात असते. लहान मुलांना ब्रँडीचे थेंब देण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी. त्यांची साखर झपाट्याने उतरते.

गरोदरपणी थोडी वाइन चालते का? एक थेंबही नाही. आईच्या रक्तातला मद्यार्क वारेतून थेट बाळाकडे जातो. एरवीही तेवढ्याच मद्याने स्त्रीच्या रक्तातील प्रमाण पुरुषापेक्षा जास्त चढते, कारण तिच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो.

सकाळच्या डोकेदुखीवर ‘उतारा’ म्हणून एक पेग? त्याने दुखणे पुढे ढकलले जाते आणि सवयीचे दार उघडते. पाणी, ताक, थोडे खाणे आणि विश्रांती, एवढाच इलाज आहे.

शेवटचा प्रश्न बहुधा पत्नी विचारते : ‘यांची कायमची बंद करायची आहे. उद्यापासून घरात कोंडून ठेवू का?’ रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत असे करू नये. सकाळी उठल्याबरोबर हात थरथरणे आणि घेतल्यावरच ते थांबणे, ही शरीराला सवय जडल्याची खूण आहे. अशा माणसाची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन तो भिंतीवर किडे दिसल्यासारखे बोलू लागतो, आणि उपचार न मिळाल्यास दगावूही शकतो. हे काम औषधांच्या आधाराने पाच-सात दिवसांत सुरक्षितपणे होते. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. पुण्यातील मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून याच कामात आहे. घराबाहेर पडण्याचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येते. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.